खडकवासल्याच्या डोंगरांवरील वणवे : गवत, सालई आणि जाळरेषा

होळीच्या मागेपुढे खडकवासला धरणाच्या परिसरातून सिंहगडाच्या दिशेने पाहिले, तर रात्री एखाद्या सोंडेवर तांबूस प्रकाशाची वाकडीतिकडी माळ सरकताना हमखास दिसते. सकाळी तीच सोंड काळीठिक्कर पडलेली असते आणि धायरी-नांदेडच्या गच्च्यांवर गवताची काजळी उतरलेली असते. हे दृश्य पुणेकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे, की वणवा म्हणजे उन्हाळ्याचाच एक भाग, नैसर्गिक आणि अटळ, अशी अनेकांची समजूत झाली आहे. दुसऱ्या टोकाला, वणव्याची प्रत्येक ठिणगी म्हणजे जंगलाचा समूळ नाश, असे मानणारेही पुष्कळ आहेत. खडकवासला, सिंहगड आणि पानशेतच्या डोंगरांची प्रत्यक्ष प्रकृती पाहिली तर या दोन्ही समजुती अपुऱ्या ठरतात.

हा सगळा मुलूख बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यांची झीज होऊन आजचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर उरले. कठीण थर कड्याच्या रूपाने उभे राहतात, मऊ थर झिजून उतार होतात. सिंहगडाची उंची १,३१२ मीटर. म्हणजे खडकवासल्याच्या जलाशयापेक्षा हा गड सुमारे सातशे मीटरने उंच. बेसॉल्टपासून बनणारी काळी माती कसदार असते हे खरे. मात्र ती दऱ्याखोऱ्यांत आणि नदीकाठी. उतारावर हाती लागतो तो वीतभर मुरूम आणि खाली कातळ. पाऊसही तसाच विषम. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून पश्चिमेला टेमघरच्या बाजूला तो कित्येक पटींनी जास्त असतो. आणि जो काही पडतो तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने उतार कोरडे.

अशा जमिनीवर सर्वाधिक जोमाने वाढते ते गवत. कुसळी, पवन्या, मारवेल, रोशा ही गवते जूनमध्ये फुटतात, सप्टेंबरअखेर गुडघाभर, कुठे कमरेएवढी होतात आणि दिवाळीनंतर वाळू लागतात. फेब्रुवारीत त्यांचे जे रूप असते त्याला वनविज्ञानाच्या भाषेत ‘इंधन’ म्हणतात. वाळलेल्या गवताची काडी इतकी बारीक असते, की हवेतील ओलावा कमी झाला की तासाभरात तीही तितकीच कोरडी होते. म्हणूनच पहाटे दवाने ओले असलेले गवत दुपारी दोनच्या सुमारास काडीपेटीसारखे पेट घेते.

गवतातून विखुरलेली झाडे असतात. सालई, धावडा, मोई, पळस, पांगारा, काटेसावर, गणेर, मेडशिंगी, वारस, खैर, हिवर. वनखात्याच्या रूढ वर्गीकरणात, म्हणजे चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गवारीत, हे ‘दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन’ ठरते. या झाडांकडे जरा बारकाईने पाहिले तर त्यांतील बरीचशी आगीशी परिचित असल्याचे जाणवते. सालईचा पाला उन्हाळ्यात पूर्ण झडलेला असतो. वरचे खोड होरपळले तरी मुळांपासून नवे फुटवे येतात. आगीला दाद न देणारे झाड म्हणून जुन्या वनाधिकाऱ्यांनी सालईची नोंद करून ठेवली आहे. पळसाचेही तसेच. काटेसावरीच्या जाड सालीआड जिवंत थर सुरक्षित राहतो. गणेर जमिनीखालच्या जाड मुळांत अन्नपाणी साठवून ठेवतो आणि ऐन फाल्गुनात, आजूबाजूला सगळे करपलेले असताना, पिवळीधमक फुले धरतो.

कुसळीची युक्ती तर सर्वांवर कडी करणारी आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातील जे कुसळ आपल्याला दिसते म्हणतात, ते याच जातीच्या गवतांचे. बियेला टोकदार सुई आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी असते. हवेतील ओलाव्यानुसार शेपटी पीळ सोडते, पुन्हा पिळली जाते आणि बी गिरमिटासारखी जमिनीत शिरते. गवताची आग वरून झर्रकन निघून जाते. मातीत काही सेंटिमीटर खाली तापमान फारसे वाढत नाही. त्यामुळे रुजत घातलेले बी वाचते. जमिनीखाली कंद धरणाऱ्या काळी मुसळी, कंदीलपुष्प यांसारख्या वनस्पतीही उन्हाळाभर मातीच्या पोटात निद्रिस्त असतात.

मग वणव्याने बिघडते काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर ‘आग’ या शब्दात नसून ‘दरवर्षी’ या शब्दात आहे. रोप किंवा फुटवा आगीच्या ज्वाळांच्या वर जाण्याइतका उंच व्हायला काही वर्षे लागतात. ती वर्षे त्याला मिळाली, तर पुढच्या वणव्यात फक्त बुंधा होरपळतो आणि झाड टिकते. तीच सोंड दर फाल्गुनात पेटली, तर फुटवा येतो, जळतो, पुन्हा येतो, पुन्हा जळतो. मुळांतील साठा हळूहळू आटतो. सिंहगडाच्या वाटेवर दिसणारी, वीस-वीस फांद्यांची पण छातीएवढ्या उंचीची खुरटी झुडपे पुष्कळदा अशाच अडकून पडलेल्या झाडांची असतात. तिथे मोठी झाडे आहेत, खालचा पालाही आहे. मधली पिढी मात्र नाही. म्हातारी झाडे एकेक करून गेली की त्यांची जागा घेणारे कोणी नसते.

याहून गंभीर हानी घळींत होते. डोंगराच्या ओढ्यानाल्यांत, कड्याच्या सावलीत जांभूळ, अंजनी यांसारख्या सदाहरित झाडांचे पट्टे टिकून आहेत. या झाडांना आगीची सवय नाही. वणवा अशा दाट झाडीत खोलवर शिरत नाही, कारण आत ओलावा असतो. तो कडेची एक रांग करपवून थांबतो. पुढच्या पावसाळ्यात त्या कडेला गवत माजते, पुढच्या उन्हाळ्यात आग तेवढी आणखी आत सरकते. घळीतील राई अशी कडेकडेने कुरतडली जाते आणि ती नाहीशी झाल्यावरच लोकांच्या ध्यानात येते. वरच्या उतारांवरील कारवीची गोष्ट निराळी. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाळक्या काठ्यांचे रान उभे असते. त्याला आग लागली तर गवताच्या आगीपेक्षा ती कितीतरी अधिक तापते आणि बीजातून वर येऊ पाहणारी पिढीही संकटात येते.

प्राण्यांचा हिशेब वेळेशी बांधलेला आहे. रातवा, चंडोल, टिटवी, तित्तर हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि त्यांचा विणीचा काळ उन्हाळ्याशी जुळतो. पंखवाल्या मोठ्यांना उडून जाता येते, अंड्यांना नाही. सरडे, गोगलगायी, कोळी, सापांची पिले यांचीही तीच गत. वणव्याच्या पुढे घारी आणि कोतवाल घिरट्या घालताना दिसतात ते निसटू पाहणाऱ्या किड्यांसाठी आणि सरड्यांसाठी.

आता आग लावतो कोण? ऑस्ट्रेलियात अनेक मोठे वणवे कोरड्या विजांमुळे पेटतात. आपल्याकडे विजा कडाडतात त्या वळवाच्या पावसाबरोबर, एप्रिल-मेमध्ये. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ आकाशातून सिंहगडाच्या सोंडेवर वीज पडत नाही. बांबू किंवा दगड एकमेकांवर घासून वणवा लागतो, ही शाळेत ऐकलेली गोष्ट या डोंगरांना लागू पडत नाही. म्हणजे येथील बहुतेक प्रत्येक वणव्याच्या मुळाशी माणूस असतो.

मात्र हा माणूस एकच नाही. जुने गवत जाळले की नवे हिरवे आणि दाट येते, ही गुराख्यांमधील दृढ समजूत आहे. ती सर्वस्वी खोटीही नाही. जळलेल्या जागी ओल असेल तर कोवळा फुटवा लवकर येतो आणि गुरांना तो आवडतो. परंतु जाळल्याने गवताचे एकूण उत्पन्न वाढते असे नाही. उलट पहिल्या पावसापर्यंत जमीन उघडी पडते. मावळ, मुळशी, वेल्हे या भातपट्ट्यांत राब भाजण्याची पद्धत आहे. शेण, पाला, कवळ आणि गवत यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पेटवले जातात. त्यामुळे तणाचे बी मरते, राख मिळते आणि भाताचे रोप जोमाने येते. राबासाठी झाडे छाटावीत की नाहीत, यावरून ब्रिटिश अमदानीत मोठा वाद झाला होता आणि मुंबई वन आयोगाच्या १८८७ मधील अहवालातही तो विषय आला. राबाची आग खाचरात असते. वाऱ्याने ती बांध ओलांडून डोंगराला लागली, की तिचा वणवा होतो. याशिवाय सशा-डुकरांची शिकार, जमिनीची हद्द मोकळी करणे, रस्त्याकडेचा कचरा पेटवणे ही कारणे आहेतच. गेल्या दोन-तीन दशकांत त्यांत एका मोठ्या कारणाची भर पडली, ती शहराची. जलाशयाच्या काठावरच्या चुली, अर्धवट विझवलेल्या शेकोट्या आणि गाडीच्या खिडकीतून भिरकावलेली सिगारेटची थोटके. गुराख्याला दोष देणे शहराला सोयीचे असते. परंतु सुटीच्या संध्याकाळी रस्त्यालगत पेटणाऱ्या वणव्यांचा दोष गुराख्यावर ढकलता येत नाही.

गवताळ डोंगर की उजाड जंगल?

या प्रश्नावर अभ्यासकांत अलीकडे बराच खल झाला आहे. पूर्वीची शिकवण अशी, की पुण्याच्या परिसरात एकेकाळी घनदाट अरण्य होते, ते तोडले गेले, आणि उरले ते गवत. तेव्हा गवत म्हणजे ऱ्हास. या शिकवणीतूनच डोंगरांवर झाडे लावण्याच्या मोहिमा निघाल्या. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया, म्हणजे उंदीरमारी, सरसकट लावली गेली ती याच भूमिकेतून. झटपट वाढते, गुरे फारशी खात नाहीत, जळली तरी पुन्हा फुटते. वनखात्याच्या दृष्टीने सोयीचे झाड. परिणामी फेब्रुवारीत टेकड्या गुलाबी दिसतात आणि त्याखाली देशी गवत व रोपे अभावानेच आढळतात.

त्याउलट बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील जयश्री रत्नम, महेश शंकरन आदी संशोधकांनी २०११ पासून मांडले, की आपण ज्यांना विरळ वने म्हणतो त्यांपैकी अनेक प्रत्यक्षात सॅव्हाना, म्हणजे झाडे असलेली गवताळ राने आहेत. गवत, चराई आणि आग यांच्या संगतीत ती घडली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर जुन्या मराठी वाङ्मयातील व लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासून, पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ राने किमान साडेसातशे वर्षे जुनी असल्याचे दाखवले. इंग्रजांनी जंगल तोडले म्हणून ती झाली, या समजुतीला त्यामुळे मोठा छेद गेला. गवताला मानही होताच. राखीव गवताच्या जमिनीला कुरण म्हणतात आणि पानशेतच्या परिसरात त्याच नावाची गावे आजही आहेत.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. डोंगर मूळचे जंगल असेल तर प्रत्येक आग विझवणे आणि झाडे लावणे हे धोरण ठरते. ते गवताळ रान असेल तर आगीला पूर्ण मज्जाव करणेही चुकीचे ठरू शकते, कारण कित्येक वर्षे न कापलेले, न चरलेले, न जळलेले गवत गंजून जाते आणि पुढची आग अधिक भीषण करते. खडकवासल्याच्या परिसरात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे सुमारे सात हजार एकरांचे आवार १९५० च्या दशकापासून चराई-तोडीपासून बऱ्याच अंशी मुक्त राहिले आणि तेथील झाडी कुंपणाबाहेरच्या उतारांहून दाट झाली. माथ्यावरचा पातळ मातीचा सडा मात्र कितीही जपला तरी गवताचाच राहणार. एकच उपाय साऱ्या डोंगराला लावणे हाच घोटाळा आहे.

या संदर्भात ऑस्ट्रेलियाचे उदाहरण वारंवार दिले जाते. सिडनीभोवतीच्या वालुकाश्माच्या पठारांवर निलगिरीची राने आहेत. तेथील निकृष्ट, वाळूमिश्रित मातीत निलगिरीने खोडाच्या सालीखाली आणि मुळाशी सुप्त डोळे राखून ठेवले आहेत, जे आगीनंतर फुटतात. बँक्सियाच्या कित्येक जातींची फळे तर आगीची धग लागल्यावरच उघडतात. मात्र निलगिरीच्या पानांत तेल असते, सालीच्या पेटत्या पट्ट्या वाऱ्याने किलोमीटरच्या किलोमीटर उडतात आणि आग शेंड्याशेंड्यांवरून धावते. २०१९-२० च्या उन्हाळ्यात ब्लू माउंटन्सचा फार मोठा भाग त्यात जळाला. तेथे थंड दिवसांत मुद्दाम सौम्य आग लावून खालचा पाला कमी करण्याची रीत आहे आणि आदिवासींच्या पारंपरिक जाळण्याच्या ज्ञानाकडेही आता पुन्हा आदराने पाहिले जाते. आपल्याकडील आग शेंड्यावरची नसून गवतातली. तिची ज्वाला कमी, वेग अधिक, आयुष्य काही तासांचे. त्यामुळे तेथील वेळापत्रक उचलून येथे लावणे योग्य नाही. एक नाते मात्र खरे आहे : क्वीन्सलंडच्या निलगिरीच्या रानांत पायाखाली जे गवत असते ते आपलेच कुसळी.

जाळरेषा

महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम परंपरेने १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्याआधी करायचे मुख्य काम म्हणजे जाळरेषा काढणे. डिसेंबर-जानेवारीत ठरलेल्या रेषेवरचे गवत पट्ट्याने कापतात, ते वाळू देतात आणि सकाळच्या थंड, दमट हवेत, वारा पडलेला असताना, माणसांच्या देखरेखीखाली जाळून टाकतात. हंगामात आलेली आग या उघड्या पट्ट्याशी येऊन इंधनाअभावी विझते. कल्पना साधी असली तरी तिचे यश तपशिलात असते. रेषा डोंगराच्या धारेवर, पायवाटेवर किंवा रस्त्यालगत असेल तर टिकते. मध्य उतारावर काढलेली रेषा चढती आग सहज ओलांडते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियन वनतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. सिंहगडाच्या उभ्या सोंडांवर त्याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आणि रेषा वेळेत झाली नाही, निधी उशिरा आला, मार्चमध्ये काम सुरू झाले, तर जाळरेषा काढतानाच वणवा लागण्याची भीती.

प्रत्यक्ष आग लागल्यावर हिरव्या डहाळ्यांनी झोडपणे हाच आजही मुख्य उपाय आहे. अलीकडे पाला उडवणारे ब्लोअर यंत्र वनरक्षकांच्या पाठीवर आले आहे. पेटत्या रेषेपुढील गवत-पाला मागे फेकून ते आगीचे खाद्य तोडते. डोंगरावर पाण्याचा बंब पोहोचत नाही. आग फारच मोठी असेल तर जाणकार लोक तिच्या वाटेत, रस्ता किंवा नाला पाठीशी घेऊन, उलट आग लावतात. हे काम अनुभवी माणसांचेच. हौशी मदतनीसांनी ते करू नये.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने वणव्यांच्या सूचना देते. आधीच्या उपग्रहावरील उपकरणाचा ठिपका एक किलोमीटरचा होता. २०१७ पासून वापरात आलेल्या उपकरणाचा ३७५ मीटरचा आहे. सूचना मोबाइलवर येते. तरीही हे उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या आसपास डोक्यावरून जातात. सायंकाळी सहाला पेटून दहाला विझलेली गवताची आग त्यांच्या नजरेतून सुटू शकते. म्हणूनच उपग्रहाने टिपलेल्या ठिपक्यांच्या संख्येवरून एखाद्या तालुक्यातील वणवे वाढले की घटले, हे सांगताना सावधगिरी बाळगावी लागते. जळालेल्या क्षेत्राचे नकाशे त्याहून अधिक विश्वासार्ह.

कायद्यात उणीव नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा धोका होईल अशी पेटती ठेवणे हा गुन्हा आहे. कलम ७९ तर, ज्यांना वनात हक्क किंवा सवलती आहेत त्यांना आगीची खबर देणे आणि ती विझवण्यास साह्य करणे बंधनकारक करते. अडचण आहे ती पुराव्याची आणि मालकीची. खडकवासल्याच्या भोवती राखीव वन, संरक्षण खात्याची जमीन, जलसंपदा विभागाचा काठ, गायरान आणि खासगी डोंगर यांची गोधडी आहे. जून २०२१ मध्ये खडकवासल्यासह २३ गावे पुणे महापालिकेत आल्याने तीत आणखी एक ठिगळ वाढले. वणवा सात-बारा पाहून थांबत नाही. जाळरेषा मात्र वनखात्याच्या हद्दीपुरतीच असते. खासगी डोंगरावर पेटलेली आग वनात शिरते तेव्हा बराच वेळ गेलेला असतो.

गवत कापून नेणे हा जाळण्याला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. कापलेले गवत गोठ्यात जाते, उभे राहिलेले वणव्यात. मात्र पुण्याभोवतीच्या गावांत जनावरे कमी झाली, मजुरी वाढली आणि डोंगरावर जाऊन विळा चालवणारे हात शहरात कामाला लागले. घेरा सिंहगडच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीसारख्या ठिकाणी गडावर जाणाऱ्या वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतले जाते. अशा उत्पन्नातून हंगामी अग्निरक्षक आणि गवतकापणी यांची सांगड घातली, तर वणव्याशी गावाचे हितसंबंध जुळतात. नुसत्या भित्तिपत्रकांनी ते होत नाही.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मार्चमध्ये जळालेला उतार जूनपर्यंत उघडा राहतो. वळवाचा पहिला टपोरा पाऊस थेट मातीवर आदळतो आणि राखेसह गाळ ओढ्यांत उतरतो. तो ओढा खडकवासल्याला मिळतो. चार धरणांच्या या साखळीची एकूण उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी असली, तरी १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासल्याचा वाटा त्यात अवघा १.९७ टीएमसी आहे. पुण्याचे पिण्याचे पाणी याच लहानशा तळ्यातून उचलले जाते. गाळाला वणव्याखेरीज बांधकामे, रस्ते, डोंगरफोड अशी इतर कारणे आहेत. तरीही नळाच्या पाण्याचा आणि सिंहगडाच्या काळ्या पडलेल्या सोंडेचा संबंध आहे.

डोंगरभटक्यांसाठी एक सूचना आवश्यक. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील कुरंगणी येथे ११ मार्च २०१८ रोजी वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. गवताची आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. तिच्यापासून वर पळू नये. घळीत उतरू नये, कारण घळ धुराड्याचे काम करते. आडवे, वाऱ्याच्या बाजूला सरकून मोकळा कातळ किंवा आधीच जळून थंड झालेला पट्टा गाठावा. अंगावर सुती कपडे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. आग दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि सोंडेचे, जवळच्या वाडीचे नाव व रस्त्यापासूनचे अंतर सांगावे. ‘सिंहगडाला आग लागली आहे’ एवढ्याने पथकाला दिशा कळत नाही.